ऑनर्स क्वॉड, ऑस्टिन : बाथरूम बाहेर, बाकी ठीक

पाचपैकी चार तारे. लेकीला विचारलंत तर ती पाच देईल, तिचा बाबा तीन. मी मधली.

आधीच सांगते, मी या कॉलेजच्या हॉस्टेलात राहिलेले नाही. राहिली ती लेक, २०२३च्या ऑगस्टपासून २०२४च्या मेपर्यंत. मी सामान उचललं, पैसे भरले आणि वर्षभर फोनवर ऐकलं. पण आपल्याकडच्या बऱ्याच आया सध्या याच चक्रातून जातायत. 'मुलीला ऑनर्समध्ये मिळालंय, आता डॉर्म कुठला घ्यायचा?' हा प्रश्न मला गेल्या दोन महिन्यांत चौघींनी विचारला. (ऑनर्स म्हणजे हुशार मुलांसाठीचा खास अभ्यासक्रम, डॉर्म म्हणजे तिथलं हॉस्टेल.) चौघींना तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस, ऑस्टिन. लेकीला तिथे 'प्लॅन टू' नावाच्या ऑनर्स प्रोग्रॅममध्ये प्रवेश मिळाला, जोडीला कॉम्प्युटर सायन्स. नाव ऐकून आमचे हे म्हणाले, "प्लॅन टू म्हणजे? पहिला फसला की दुसरा, असं काही?" तसं नाही. साधी बी.ए. म्हणजे प्लॅन वन आणि १९३५ साली सुरू झालेला हा ऑनर्सचा अभ्यासक्रम म्हणजे प्लॅन टू. पहिल्या वर्षी वर्षभर जागतिक साहित्य वाचायला लावतात, कॉम्प्युटरवालीलासुद्धा. बाबाला हे कळायला सहा महिने लागले, ते असो.

तर डॉर्म. इथे फ्रेशमनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाने, कॅम्पसवरच राहायला हवं अशी सक्ती नाही. शेजारच्या वेस्ट कॅम्पस भागात खाजगी इमारतींची रांगच्या रांग आहे, तिथे राहिलं तरी चालतं. कॅम्पसवर राहायचं तर अर्जाचे पैसे भरावे लागतात, आमच्या वेळी पन्नास डॉलर गेले, ते परत मिळाले नाहीत. ऑनर्सच्या मुलांना 'ऑनर्स क्वॉड' मागता येतो. अँड्र्यूज, ब्लँटन आणि करदर्स अशा तीन जुन्या इमारती, मध्ये अंगण, वर लाल कौलं. शेजारीच लिटलफील्ड, १९२७ सालचं, कॅम्पसवरचं सगळ्यात जुनं डॉर्म. अँड्र्यूज १९३६चं, करदर्स १९३७चं, ब्लँटन त्यामानाने तरुण, १९५५चं. म्हणजे डॅलसजवळच्या आमच्या फ्रिस्कोतल्या घरांच्या मानाने सगळी पणजोबा.

तिन्हींना बायकांची नावं आहेत, हे मला आवडलं. जेसी अँड्र्यूज ही या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर, १८८६ची, आणि नंतर तिथेच शिकवणारी पहिली बाई. अ‍ॅनी वेब ब्लँटन १९१८ साली राज्याच्या शिक्षणखात्याची प्रमुख म्हणून निवडून आली. देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२०मध्ये, त्याच्या दोन वर्षं आधी. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू ब्रोशर पाठ केलंस का?" केलं होतं.

२०२३च्या एप्रिलमध्ये आम्ही बघायला गेलो. फ्रिस्कोहून ऑस्टिन म्हणजे आय-३५ने पावणेचार तास, रस्त्याचं काम सुरू असेल तर पाच. वाटेत 'वेस्ट' नावाचं चेक लोकांचं गाव लागतं. ते डॅलसच्या दक्षिणेला असून नाव वेस्ट का, हे विचारू नका. तिथले कोलाचे, म्हणजे चेक लोकांचे सारण भरलेले गोड पाव, खाल्ल्याशिवाय आमची गाडी पुढे जात नाही. हे त्याला अजून 'कोळाचे' म्हणतात, आणि पोहे कुठायत असं दुकानातल्या पोरीला मराठीत विचारतात. वीस वर्षं झाली या विनोदाला.

माझी यादी तयार होती. पहिल्या ओळीत लाल शाईने : खोलीत बाथरूम.

याला कारण आहे. मी सांगलीला इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं हॉस्टेलला. सकाळी साडेपाचला बादली रांगेत लावून परत येऊन झोपायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल. माझ्या बादलीवर नेलपॉलिशने नाव होतं आणि तरी दोनदा चोरीला गेली. एवढे कष्ट करून अमेरिकेत यायचं आणि पोरीने परत टॉवेल खांद्यावर टाकून पॅसेजमधून चालायचं? माझ्या डोक्यात ते बसेना. आणि ऑनर्स क्वॉडमध्ये नेमकं तेच आहे. दोघींत एक खोली, बाथरूम मजल्यावर, सगळ्यांचं मिळून.

म्हणून आधी इतर ठिकाणं. जेस्टर सगळ्यांना माहीत असतं. १९६९ सालचं, तीन हजारांवर मुलं एका छताखाली. आत शिरल्यावर मला दादर स्टेशनची आठवण झाली, आणि हे मी वाईट अर्थाने म्हणत नाही. ज्या पोराला माणसांत राहायला आवडतं, मोठं ग्रंथालय, जिम आणि स्टेडियम पायाशी हवं, त्याने डोळे झाकून तिथे जावं. लेक आत दहा मिनिटं उभी राहिली आणि माझा हात धरला. अठरा वर्षांची मुलगी हात धरते म्हणजे उत्तर मिळालं.

मग ड्युरन, २००७चं, क्वॉडपासून चार पावलांवर. नवीन, नीटनेटकं, खोलीला लागून बाथरूम. मी तिथेच चेक फाडायला तयार होते. पैसे अर्थातच जास्त. बाथरूमप्रमाणे दर चढतो, सामायिक सगळ्यात स्वस्त आणि स्वतःचं सगळ्यात महाग.

मग वेस्ट कॅम्पसमधली एक खाजगी इमारत. नाव घेत नाही, कारण अशा डझनभर आहेत आणि गोष्ट सगळीकडे एकच. दाखवायला एक गोड मुलगा, हातात आयपॅड. गच्चीवर पोहायचा तलाव, खाली कॉफी फुकट. 'नमुना' खोलीत पलंगावर सहा उशा, टेबलावर लिंबं ठेवलेली. (लिंबं का ठेवतात हो? कोणी सरबत करतं का?) मी विचारलं, "हीच खोली मिळणार का?" तो म्हणाला, "अशीच." मी म्हटलं, "अशीच नको, हीच किंवा जी मिळणार आहे ती दाखव." बरेच आढेवेढे घेऊन त्याने एक दाखवली. बेडरूमला खिडकी होती, ती पार्किंगच्या भिंतीकडे. हात बाहेर काढला असता तर काँक्रीट लागलं असतं. करार बारा महिन्यांचा, मुलगी राहणार नऊ. जामीन आईबापांनी राहायचं. जेवण वेगळं, गाडीची जागा वेगळी. डॉर्मच्या करारात खोली, वीज, पाणी, जेवण सगळं धरून एक आकडा असतो, तो बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण इथे असे पाच छोटे गोळे होते. बेरीज मी गाडीत बसून एका पाकिटाच्या मागच्या बाजूला केली. यांनी ती बघितली आणि गाडी सुरू केली.

शेवटी क्वॉड. संध्याकाळचे साडेसहा. अंगणात ओकखाली तीन मुली गवतावर पालथ्या पडून कसलं तरी पुस्तक मोठ्याने वाचत होत्या आणि दर दोन ओळींनी भांडत होत्या. आम्हाला घेऊन फिरणारी मुलगी करदर्सच्या तळाशी गेली आणि एक दार उघडलं : जॉइन्स रीडिंग रूम. प्लॅन टूची वाचायची खोली, तीही डॉर्मच्याच इमारतीत. भिंतभर पुस्तकं, बसायला जुने सोफे. लेखकांना बोलावतात, ते इथेच बसून वाचून दाखवतात म्हणे. लेक एका कपाटासमोर जी उभी राहिली ती हलेना. मी वर खोल्या बघायला गेले. खोली म्हणजे आपली दोन कॉट, दोन टेबलं, दोन कपाटं, मध्ये जेमतेम सूर्यनमस्काराएवढी जागा. बाथरूम स्वच्छ होतं, मान्य करते. पण पॅसेजच्या टोकाला.

परतीच्या वाटेवर टेंपल गावापर्यंत कोणी बोललं नाही. मग मागून आवाज : "आई, तू सगळीकडे बाथरूम बघितलंस. मी पॅसेज बघत होते."

"पॅसेजमध्ये काय बघायचंय?"

"दारं. जेस्टरला बंद होती, ड्युरनला बंद होती. इथे उघडी होती."

मी काय बोलणार. सांगलीला आमचीही उघडीच असायची.

आता मूव्ह-इन, म्हणजे सामान घेऊन राहायला जायचा दिवस. विद्यापीठवाले यातला 'मूव्ह' हा शब्द इंग्रजीत 'ओ' तीनदा लिहून छापतात, गाय हंबरल्यासारखा, कारण त्यांचं चिन्ह लाँगहॉर्न बैल. विनोद बरा आहे, ऊन नव्हतं. त्या उन्हाळ्यात ऑस्टिनला महिन्याभराहून जास्त दिवस पारा रोज शंभर फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपले अडतीस. दिलेल्या वेळेत गाडी लावायची, सामान उतरवायचं आणि गाडी काढायची. यांच्या टी-शर्टवर पाठीला मिठाचा नकाशा उमटला होता. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी बर्फासकट न्या. आणि चादरी 'ट्विन एक्स्ट्रा लाँग' घ्या, साध्या ट्विन नकोत. डॉर्मची गादी ऐंशी इंच लांब असते, साधी ट्विन पंचाहत्तर. मी दुकानातून हौसेने तीन जोड साधे आणले होते. एक कोपरा बसवला की समोरचा फट्कन निघून तोंडावर यायचा. लेक आणि मी दोन्ही टोकांना गुडघे टेकून त्या चादरीशी झुंजत होतो, आणि तिची रूममेट दारात तिच्या आजीसोबत उभी राहून बघत होती. ही पहिली भेट. शेवटी मी बॅगेच्या तळाची सोलापुरी चादर काढली आणि अंथरली. आजीने येऊन चादरीवर हात फिरवला, स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. नात म्हणाली, आजी विचारतेय, विणलीय का? म्हटलं, हो, मागावर.

ही मुलगी मॅकअ‍ॅलनची, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळची. शाळेत पहिली आलेली, त्यामुळे पहिल्या वर्षाची ट्यूशन फी माफ. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत पहिल्या आलेल्यांना ती सवलत आहे. शिवाय १९९७चा राज्याचा कायदा असा, की शाळेत वरच्या ठराविक टक्क्यांत असलात की प्रवेश नक्की. त्यामुळे इथे नुसती डॅलस-ह्यूस्टनच्या उपनगरांतली पोरं नसतात, नकाशात शोधावी लागतील अशा गावांतलीही असतात. ऑनर्सला वेगळा अर्ज, निबंध वगैरे लागतात, तरी ते मिश्रण पॅसेजमध्ये उतरलेलं दिसतं. आमच्या फ्रिस्कोत लेकीच्या वर्गात निम्मी पोरं आपलीच होती. हे तिला नवीन होतं, आणि मला वाटतं वर्षभराच्या फीमध्ये सगळ्यात वसूल झालेली गोष्ट हीच.

बाथरूमचं काय झालं? पहिल्या रात्री फोन आला, मी तयारीतच होते. "कसं आहे?" "काय कसं आहे?" "बाथरूम गं!" "अगं आई, ठीक आहे, बाथरूमसारखं आहे." विषय संपला. सप्टेंबरात कळलं की दात घासायच्या वेळा ठरल्यात. रात्री साडेअकराला चार-पाचजणी बेसिनपाशी जमतात आणि ब्रश तोंडात ठेवून दिवसभराचं बोलतात. एकदा मी व्हिडिओ कॉलवर होते तर पाच फेसाळलेली तोंडं हसत 'हाय' म्हणाली. लेक लाजाळू आहे, स्वतःहून कुणाच्या दारावर टकटक करणारी नाही. ड्युरनच्या त्या सुंदर खाजगी बाथरूममध्ये तिने एकटीने, व्यवस्थित, दोन मिनिटांत दात घासले असते. हे मला सप्टेंबरात सुचलं, एप्रिलमध्ये सुचलं असतं तर लाल शाई वाचली असती.

जेवण समोरच्या किन्सोलव्हिंगमध्ये, सगळे 'किन्स' म्हणतात. शाकाहारी पोराची उपासमार होत नाही. रोज काहीतरी असतंच. तरी मेतकुटाची बाटली, लिंबाचं लोणचं आणि भडंग न्या. खोलीत शिजवायचं नाही हे नीट वाचून घ्या. मी थालीपिठाची भाजणी दिली होती दोन किलो. का दिली देव जाणे. मे महिन्यात तशीच परत आली. भडंग मात्र पॅसेजने पंधरा दिवसांत संपवला आणि परत मागवला.

अंतरं : ड्रॅग म्हणजे ग्वाडलूप रस्ता जवळ (लोकल माणसं असंच म्हणतात, ग्वादालूपे म्हणालात की पाहुणे ठरलात). कॉम्प्युटर सायन्सची गेट्स-डेल इमारत दहाएक मिनिटं. पीसीएल, म्हणजे ते मोठं ग्रंथालय, आणि जिम लांब पडतात. कॅम्पसवरचा घड्याळाचा टॉवर दर पाव तासाला टोले देतो. पहिले आठ दिवस झोपमोड, नंतर ऐकूच येत नाही. पांढरी खार दिसली की पेपर चांगला जातो अशी तिथली समजूत आहे. लेकीला नोव्हेंबरात दिसली, फोटो पाठवला. मी म्हटलं, छान, आता अभ्यास कर.

आता एक तारा का कापला.

ऑनर्सची सगळी पोरं एका ठिकाणी ठेवली की एक गंमत होते. प्रत्येकजण आपापल्या शाळेत पहिला, आणि इथे सगळ्यांपैकी एकच पहिला. ऑक्टोबरात लेकीला एका पेपरात ६३ मिळाले. तिला आयुष्यात ६३ माहीत नव्हते. रूममेटला ९१, समोरच्या खोलीत ९४. उघड्या दारांचा हा दुसरा भाग, सगळ्यांचे मार्क पॅसेजमध्ये कळतात. दोन दिवस ती फोनवर एका शब्दात उत्तरं देत होती. मग रात्री एकला मेसेज : समोरचीने पॅसेजमध्ये फळा आणलाय, तिघी मिळून तोच पेपर परत सोडवतायत. बरं झालं, पण ते दोन दिवस मी विसरलेले नाही. जे मूल तुलनेने खचतं, ज्याला घरी येऊन दार लावून अभ्यासाचा विषय बंद करायचा असतो, त्याला क्वॉडमध्ये टाकू नका. ऑनर्स मिळालं म्हणजे ऑनर्सच्या डॉर्ममध्ये राहिलंच पाहिजे असं नाही. वर्गात ऑनर्स, मुक्काम जेस्टरला, असं राहणारी पोरंही आहेत आणि मजेत आहेत. लेक स्वतः म्हणते की तिच्या ओळखीत पहिल्या वर्षी ऑनर्सबाहेरचं फारसं कोणी नव्हतं, आणि हे तिला दुसऱ्या वर्षी जाणवलं.

वसंतातली एक गोष्ट सांगते. ८ एप्रिल २०२४, खग्रास सूर्यग्रहण, टेक्ससवरून आडवं गेलं. ऑस्टिन त्या पट्ट्याच्या कडेला, आम्ही फ्रिस्कोला जरा आत. सोमवार होता. सासूबाई सकाळपासून सांगलीहून फोनवर सूचना देत होत्या, काही खाऊ नका, बाहेर पडू नका. मी चष्मा लावून अंगणात. दीड वाजता लेकीने व्हिडिओ लावला. सगळा पॅसेज क्वॉडच्या अंगणात उतरलेला, चष्मे कमी, पोरी जास्त, हातोहात फिरवत होत्या. ऑस्टिनला ढग होते. "आई, काही दिसत नाहीये, ढग, ढग... अगं आलं, आलं!" आणि तिचा स्क्रीन काळा झाला. फोन हातात, माझ्याकडे अजून ऊन. पलीकडून शंभरेक पोरांची एकच किंकाळी, आणि मध्येच कुणीतरी मोठ्याने सेकंद मोजतंय. तिच्याकडे उजाडलं आणि चार-पाच मिनिटांनी माझ्याकडे अंधार पडला. मी पलीकडे फोन धरला, आता त्या सगळ्या माझं ग्रहण बघत होत्या. रूममेट ओरडली, "आंटी, वर करा, वर करा!"

कोणी घ्यावं : लाजाळू पण माणसांची भूक असलेलं मूल, वाचणारं, रात्री वाद घालणारं. खिशाला जपणारे पालक, कारण सामायिक बाथरूमने खरंच पैसे वाचतात. कोणी घेऊ नये : ज्याला दहाला शांत झोप हवी असते, आणि वर सांगितलेलं ते तुलनेचं प्रकरण. बघायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, सकाळी नको. सकाळी सगळी दारं सगळीकडे बंदच असतात.

दुसऱ्या वर्षासाठी चौघींनी मिळून कॅम्पसच्या उत्तरेला एक जुनं घर भाड्याने घेतलं. चौघी म्हणजे दात घासणाऱ्याच. करार वाचायला मला पाठवला. मी पहिल्यांदा बाथरूम किती ते बघितलं. दोन. फोन लावला आणि म्हटलं, चौघींत दोन, सकाळी अडेल. ती म्हणाली, "एक आम्ही बंदच ठेवणार आहोत बहुतेक. त्यात सायकली ठेवायच्यात."